भोवळ आली ती कोणत्या क्षणी?

सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार बारव ग्रामस्थांनी श्रमदानाने गाळ उपसून पुन्हा मोकळी केली. वळत जाणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी पाणी अशी तिची रचना आहे. मनुष्याच्या कानाच्या आतही तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला शरीराचा तोल कळतो. या नलिकांतही कधी गाळ शिरतो, आणि मग मध्यरात्री कूस बदलताच सारे घर गरगर फिरू लागते.

रात्रीच्या भोवळीची कारणे अनेक आहेत. ‘पित्त झाले’, ‘अशक्तपणा आला’ असे म्हणून तो विषय बहुधा मिटविला जातो. वास्तविक पहिला प्रश्न असा असावा की, भोवळ आली ती नेमकी कोणत्या क्षणी?

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना घर फिरले आणि मिनिटभरात थांबले, तर दोष बहुधा कानात असतो. अंतर्कर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरतात. १९१४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे अमेरिकेतील जॉन एपली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पूर्वस्थानी नेण्याची रीत शोधली. ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. कानाचे तज्ज्ञ हा उपचार काही मिनिटांत करतात. महिनोन्महिने चक्करच्या गोळ्या घेत राहण्याचे त्यात कारण नाही.

लघुशंकेसाठी उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाबाकडे पाहावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर ती उतार दखल घेण्याजोगी मानतात. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या व झोपेच्या गोळ्या, जुना मधुमेह, शरीरातील पाण्याची तूट ही त्याची नेहमीची कारणे होत. परभणीकडील वैशाखात दिवसभर घाम गाळून सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्या वृद्धांनी दिवसा पाणी किती घेतले, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे. जैन आहारात बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. दूधही सुटलेले असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी.

तिसरा प्रकार अधिक घातक. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ आणि त्यासोबत भोवळ, ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे होत. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. हिवाळ्यात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुकानात गिऱ्हाईक असते, भोजनाची वेळ टळते. गोळी मात्र सवयीने घेतली जाते. तेथून सकाळच्या नवकारसीपर्यंत जवळजवळ १४ तास पोटात काही नाही. दोष व्रताचा नव्हे. जेवण आणि गोळी यांची सांगड तुटल्याचा आहे.

म्हणून चौविहार, एकासन किंवा अठाई करणाऱ्याने आपले वेळापत्रक डॉक्टरांना आधी सांगावे. ते औषधाची वेळ अथवा मात्रा बदलू शकतात. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये, आणि उपाशीपोटी ते गिळूही नये. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. व्रतभंगाच्या भीतीने अनेक वडीलधारे अशा वेळी ओठ मिटून घेतात. परंतु श्वेतांबर परंपरेतील चौविहाराच्या पच्चक्खाणातच चार आगार सांगितले आहेत, आणि असह्य व्याधीत समाधी टिकावी म्हणून ठेवलेली सवलत त्यांपैकी एक आहे. आपल्या आम्नायानुसार गुरुजनांना हे आधीच विचारून ठेवावे. मध्यरात्र ही शास्त्रचर्चेची वेळ नव्हे.

तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही भोवळीसोबत दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वालूरसारख्या गावातून मोठे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो, तेव्हा निर्णयातील विलंब तरी टाळता येतो.

एरवी उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे, वाटेत मंद दिवा ठेवावा, पुरुषांनीही लघुशंका बसून करावी. दुकानाच्या रोजमेळाप्रमाणे आठ दिवसांची नोंद ठेवावी: भोजन किती वाजता, गोळी कोणती व केव्हा, भोवळ आली तेव्हा देह कोणत्या स्थितीत होता. एवढा कागद समोर असला, की डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते.