८६३ मोठे की ५७?

२०२४-२५ च्या रणजी मोसमात करुण नायरनं आपल्या विदर्भासाठी ८६३ धावा काढल्या, करंडकही आला. मग इंग्लंडमध्ये आठ डावांत २०५. कट्ट्यावर लगेच निकाल लागला, 'संपला!' धावा कमीच, हे खरं. पण ओव्हलची कसोटी आठवा. हिरवी खेळपट्टी, ॲटकिन्सनचे पाच बळी, भारत सर्वबाद २२४. त्यात सर्वाधिक ५७ नायरच्याच. तो सामना आपण अवघ्या सहा धावांनी जिंकला! समोर गोलंदाज कोण होता, हे सरासरी कधीच विचारत नाही. तुम्ही विचारा. खामगाव-चिखलीत कॉलेजची टीम निवडतानाही स्कोअरबुकातली गोलंदाजांची बाजू आधी वाचा, धावा नंतर मोजा.