औषध दिलेल्या कोंबडीचे अंडे

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या चार गावठी कोंबड्या सुकत चालल्या. दाणे खात, पण छातीचे हाड हाताला लागे. तुरे फिके पडले, अंडी कमी झाली. एका सकाळी खुराडे झाडताना विष्ठेत शेवईसारखा पांढरा जंत दिसला आणि कारण कळले.

हा गोलकृमी. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की साधारण दोन आठवड्यांत ती बाधा करण्याजोगी होतात आणि दाणे टिपताना कोंबडीच्या पोटात जातात. दुसरा पट्टकृमी. तो मुंग्या, भुंगे, माश्या खाल्ल्याने होतो. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसतात. पिपेराझिन हे नेहमीचे औषध गोलकृमीवर चालते, पट्टकृमीवर नाही. विष्ठेत रक्त असेल तर आजार वेगळाच असू शकतो. म्हणून अंदाजाने औषध आणू नये. ताजी विष्ठा डबीत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जावे, कोंबडीचे वजन सांगावे आणि दुसरी मात्रा कधी द्यायची तेही विचारून घ्यावे.

आम्ही औषध दिले, पण एक गोष्ट विचारायची राहिली. तिसऱ्या दिवशी जमलेली अंडी शेजारच्या बाळंतिणीला पाठवली. रात्री मनात आले, औषधाचा अंश अंड्यात उतरत असेल तर? सकाळी जाऊन सांगितले. अंडी अजून तशीच होती, अलहम्दुलिल्लाह. डॉक्टर म्हणाले, काही दिवस अंडी आणि मांस दोन्ही वर्ज्य. किती दिवस, हे औषधागणिक वेगळे असते.

आपल्या घरांत मोकाट फिरणारी कोंबडी जिबह करण्यापूर्वी तीन दिवस बांधून ठेवतात. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) असे करीत, अशी रिवायत आहे. पण ते तीन दिवस घाण खाणाऱ्या कोंबडीसाठी आहेत. औषधाचे दिवस वेगळे मोजावे लागतात. पाहुणे आले म्हणून ते कमी होत नाहीत.

विकतानाही हेच. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल दाखवून देणाऱ्या पैगंबरांची (स.) आपण उम्मत आहोत. औषध चालू असलेली कोंबडी किंवा तिची अंडी न सांगता बाजारात नेणे म्हणजे ती ओल झाकणेच. अंड्यांचे चार पैसे घरातल्या बायकांच्या हक्काचे असतात, हे खरे. पण तेवढे दिवस ते सोडावेत.

औषधाने पोट साफ होते, अंगण नाही. खुराड्यातली विष्ठा रोज काढावी, तूस कोरडे ठेवावे, ओले झाले की बदलावे. दाणे जमिनीवर न फेकता भांड्यात द्यावेत. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. आणि औषध दिल्याची तारीख खुराड्याच्या दारावर खडूने लिहावी. आम्ही आता तेच करतो.