गाडी उत्तम, पण कंपनी टिकेल?

लांबच्या प्रवासात पाठ दुखू नये आणि घाटातल्या वळणावर गाडी झपकन वळावी, अशा दोन्ही हौशी पुरवणारी स्पोर्ट-टूरिंग मोटारसायकल हा मुख्यतः जपानी-जर्मनांचा प्रांत. म्हणून २०११ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या 'मोटस' या छोट्या कंपनीने आपली गाडी दाखवली, तेव्हा अमेरिकन शौकीन हरखून गेले. एंजिन अस्सल तिकडच्या मोटारींच्या वळणाचे : व्ही आकारातले चार सिलिंडर, १६५० सीसी, पुशरॉडने उघडणाऱ्या झडपा.

गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडायला २०१४ उजाडले. किंमत ३० हजार डॉलरच्या आसपास. जवळजवळ निम्म्यात जपानी गाडी येत होती. पण खरी धास्ती किमतीची नव्हतीच. हार्ले-डेव्हिडसनने २००९मध्ये ब्यूएल गाड्या बंद केल्या होत्या. पुढे एरिक ब्यूएल यांनी स्वतः काढलेली कंपनीही, आपल्या हीरो मोटोकॉर्पचे भांडवल असूनही, २०१५मध्ये कोलमडली. मग मोटसचे सुटे भाग पाच वर्षांनी कोण देणार?

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना हे मी पुष्कळदा पाहिले. नव्या यंत्राचे कौतुक सगळेच करतात. पहिली ऑर्डर मात्र शेजाऱ्याने द्यावी. (शेजाऱ्यालाही तसेच वाटत असते!) गिऱ्हाईक थांबते, खेळते भांडवल आटते आणि शंका आपोआप खरी ठरते.

मोटस २०१८मध्ये बंद पडली. पैसे राखून थांबलेल्यांना मी दोष देणार नाही. फक्त 'आम्ही म्हणत नव्हतो?' एवढे त्यांनी म्हणू नये.