आखाडातले खमीर

शेगावची पालखी दैठण्यावरून गंगाखेडकडे मार्गस्थ झाली आणि तिच्यामागोमाग आषाढ लागला, की आमच्या परभणीतल्या घराघरांतून तळणाचा वास सुटतो. गुळाच्या पाण्यात कणीक कालवून सोडलेले गुलगुले, खसखस लावलेल्या कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या यांसाठी श्रावणाचे नेमधर्म सुरू होण्यापूर्वी एकदा तरी कढई चढलीच पाहिजे, असा शिरस्ता आहे. त्याला 'आखाड तळणे' असे रोखठोक नाव आहे. यंदा या शिरस्त्याला आमच्या नातीने उपसूचना मांडली. पुण्यास शिकावयास गेलेली ही मुलगी गेल्या वर्षापासून दूध, दही, तूप, लोणी आणि मध या साऱ्या प्राणिज जिनसांना सोडचिठ्ठी देऊन बसली आहे.

"आजोबा, या आखाडात डोनट तळू. आत सारण भरलेले. आणि दुधाचा थेंबही नाही."

"तूप नाही, दूध नाही, मग त्याला पक्वान्न कशाला म्हणायचं गं?" आजीने स्वयंपाकघरातूनच हरकत नोंदविली. माझी हरकत तांत्रिक स्वरूपाची होती: डोनटाला मेदूवड्यासारखे भोक असते, मग सारण राहणार कोठे? ती तात्काळ फेटाळली गेली. सारणाचा डोनट अखंड असतो, जर्मनीत आणि पोलंडमध्ये तो याच रूपात खातात, आणि पोलंडमध्ये तर ख्रिस्ती उपवासांचा काळ सुरू होण्यापूर्वीच्या गुरुवारी तो खाण्याची पद्धतच आहे, असे मला सांगण्यात आले. उपवासाआधी तळण उरकून घेण्याची अक्कल केवळ आपल्याच मुलखात आहे, ही माझी समजूत त्या दिवशी रद्द झाली.

व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी व्हेजिटेरियन या शब्दाचे डोके आणि शेपूट जोडून तयार केला. आपल्या 'शाकाहारी' शब्दाला अशी शस्त्रक्रिया सोसणारी नाही, कारण त्याच्या पोटात दूध गृहीतच धरलेले आहे. मी 'दुग्धवर्ज्य' असा प्रतिशब्द सुचविला. तो औषधाच्या बाटलीवर शोभेल, असा शेरा मिळाला.

प्रथम दुधाच्या बदलीची तजवीज करणे प्राप्त होते. ज्वारी-कापसाच्या आमच्या काळ्या जमिनीवर गेल्या काही दशकांत सोयाबीनने कब्जा केला आहे. १९७२ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने 'एमएयूएस ७१' सारखे त्याचे वाणही दिले. तथापि हे पीक शिवारातून थेट मोंढ्यात जाते, आणि ज्याच्या भावावर अवघ्या जिल्ह्याची दिवाळी ठरते त्याला घरच्या चुलीपाशी मात्र कोणी ओळखत नाही. आम्ही वाटीभर सोयाबीन रात्री भिजत घातले, सकाळी टरफले चोळून काढली आणि ते कढत पाण्यात वाटले. गार पाण्यात वाटल्यास त्यातले एक विकर जागे होऊन कच्चट उग्र वास सोडते. गाळलेले दूध चांगले उकळावेही लागते, कारण कच्च्या सोयाबीनमधले एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखून धरते आणि ते उष्णतेनेच निकामी होते.

येथवर सारे यथासांग पार पडले. पुढे मी घात केला. पाव किलो मैदा, तीन मोठे चमचे साखर, चिमूट मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि दीड लहान चमचा यीस्ट अशी सिद्धता झाली असता, उत्साहाच्या भरात मी ते उकळते दूध तसेच परातीत ओतले. यीस्ट हा सजीव पदार्थ आहे; साठ अंशांच्या आसपास तो प्राण सोडतो. दोन तासांनी फडके उचलले, तो गोळा एखाद्या कचेरीत पडून राहिलेल्या अर्जासारखा जागच्या जागी होता.

"खमीर मेलं," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या वडिलांचा. निजामाच्या अमलात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पूर्वी, त्यांचे शिक्षण उर्दूत झाले, आणि आमच्या घरी इडलीचे पीठसुद्धा आंबत नसे; त्याला 'खमीर उठत' असे. नातीला तो शब्द फार आवडला. आजीला मात्र दुसरेच काही खटकले. "त्याच्यात जीव आहे म्हणतेस, मग ते कसं चालतं तुला?" यीस्ट ही बुरशी आहे, प्राणी नव्हे, असे उत्तर आले, पण जिंतूरजवळच्या नेमगिरीस दर्शनाला जाणाऱ्या काटेकोर जैन श्रावकापुढे ते टिकले नसते. त्याला दूध चालते, खमीर वर्ज्य. हिला खमीर चालते, दूध वर्ज्य. अहिंसा एक, परंतु तिची दफ्तरे दोन, आणि नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

दुसऱ्या खेपेस दूध बोट बुडवता येईल इतके कोमट घेतले आणि गोळा उठेपर्यंतच्या तासाभरात मी नातीला माझ्या आईच्या गुलगुल्यांविषयी सांगितले. १९७२ च्या दुष्काळात वैरणीअभावी आमची म्हैस विकली गेली होती; लोक दुष्काळी कामांवर खडी फोडीत, सुकडी खात आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी मोडीत. त्या आषाढातही आईने डब्याच्या तळाची कणीक झाडून मूठभर गुलगुले तळलेच. त्यांत दूध नव्हते, तूप नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर बऱ्या वर्षीही नसे, कारण तूप बाजारात जाई. तत्त्वाचा प्रश्न नव्हता, टंचाईचा होता. माझी अपेक्षा अशी, की नात यावर खूश होऊन पणजीला आपल्या पंथात दाखल करून घेईल.

तिने विचारले, "पण त्यांना दूध आवडायचं का?"

मला सांगता येईना. घरात दूध होते तेव्हाही त्याची वाटणी आम्हा भावंडांपाशी, वडिलांपाशी, आल्यागेल्याच्या चहापाशी संपे. आईच्या हातात दुधाचा पेला मी पाहिल्याचे आठवत नाही. विचारावे असे तेव्हा कोणाला वाटले नाही.

गोळा दुपटीने फुगला. अर्धा इंच जाड लाटून वाटीने चकत्या पाडल्या आणि पुन्हा अर्धा तास झाकल्या. तेल करडईचे, आग मध्यम. चकती तरंगू लागली की तिचा निम्मा भाग तेलात आणि निम्मा बाहेर राहतो. उलटल्यावर मध्यभागी कमरपट्ट्यासारखा एक फिकट पट्टा उरतो. तो दिसला की खमीर नीट उठले होते असे खुशाल समजावे. पहिल्या तीन चकत्यांना पट्टा नव्हता. पुढच्या सातांना होता.

सारण पुरणाचे, तुपाविना, जायफळ घालून आणि सोयाबीनच्या दुधाने सैल केलेले. गुळाची चौकशी नातीने दुकानदाराकडे आधीच केली होती, कारण पाकाचा मळ काढण्यासाठी हलवाई दूध घालतात हे तिने ऐकले होते; गुऱ्हाळात त्या कामी भेंडीचा चिकट रस वापरतात, असे सांगून मी तिची शंका मिटविली. पुरण डोनटात भरण्याकरिता आजीने धुऊन वाळवलेली प्लॅस्टिकची एक पिशवी कोपऱ्यात कातरून आणली. ती दुधाची होती. नातीने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि हरकत घेतली नाही.

आजीने पहिला डोनट मोडला, आत डोकावून पाहिले, खाल्ला. "गुलगुलाच आहे," ती म्हणाली, "पुण्याला शिकून आलेला." दुसऱ्यावर तिने चमचाभर तूप घेतले, तेही नातीसमोर, आणि पुरणाच्या डाळीचा कट उरला होता त्याची आमटी टाकावयास उठली. मला कढईचे काम नेमून दिले होते. करडईचे तेल तापून हवेत वाळले की लाखेसारखे चिकटते, रंगाच्या कारखान्यांनाही ते त्यासाठीच उपयोगी पडते. कढईच्या काठावरचा तो पिवळट थर राख आणि काथ्या घेऊन मी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत घाशीत होतो.