बाँडपेपरवर घर आपलं होत नाही

पुसद, दिग्रस, उमरखेडकडच्या खेड्यांत घर-प्लॉटचे बरेच व्यवहार नोटरीच्या बाँडपेपरवरच उरकतात. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव चढलं की माणूस निश्चिंत! पण नमुना ८ ही कराची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नाहीतर बँक कर्ज नाकारते, उद्या विकणाऱ्याचे वारस दारात उभे राहतात. शरियतने मुलींनाही हिस्सा दिलाय. वडिलोपार्जित घर घेताना बहिणींच्याही सह्या घ्या. घरकुलाच्या अनुदानासाठीही हक्काची जागा लागते. २०२०च्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मोजणीनंतर मालमत्ता पत्रक मिळतं. आयुष्यभराची कमाई लावताय, तर कागद पक्का करा.