माळेआधी जाळी

खंडेनवमीला पाचोऱ्यात जिनिंगच्या यंत्रांना झेंडूची माळ चढते, हळद-कुंकू लागते. पुढे हंगाम तापला की त्याच यंत्राच्या उघड्या पट्ट्याशेजारी, रुईच्या धुळीत हंगामी मजूर उभा राहतो. तोंडाला फार तर रुमाल.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर व अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. परकीय सत्तेकडून अधिक अपेक्षा कोण करणार? परंतु २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या आपल्या सुरक्षा संहितेतूनही दहाहून कमी कामगारांची बहुतेक आस्थापने सुटतात. सुरक्षा अधिकारी तर सामान्यतः ५०० व अधिक कामगारांच्या कारखान्यालाच बंधनकारक आहे. लहान उद्योगात सारे मालकाच्या धर्मबुद्धीवर सोपविलेले!

साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळते, हे कापसाच्या धुळीने जडणाऱ्या बिसिनोसिसचे आरंभीचे लक्षण. मजूर त्याला थकवा समजतो. कापसातून आलेला एखादा खिळा यंत्रात ठिणगी पाडतो आणि रुईचा ढीग पेटतो. पट्ट्यांना जाळी, धूळ ओढणारे पंखे, वाळूच्या बादल्या, हंगामाच्या आरंभी व अखेरीस श्वसनतपासणी, एवढे तरी हवेच. एकट्याला खर्च पेलत नसेल, तर दहा मालकांनी मिळून एक प्रशिक्षित निरीक्षक नेमावा.

लघु उद्योग भारती आणि भारतीय मजदूर संघ एकाच विचारपरिवारातील. वर्गसंघर्ष न मानणाऱ्यांना एका सतरंजीवर बसण्यास अडचण कसली? मजदूर संघ श्रमदिन मानतो त्या विश्वकर्मा जयंतीलाच, १७ सप्टेंबरला, पाचोऱ्यात ही बैठक व्हावी. खंडेनवमीची माळ चढण्यापूर्वी जाळ्या बसविण्यास तेवढा अवधी पुरतो.