स्वेटर घाला, पण शोभेल असा



तुळशीचे लग्न लागले, की पहाटे अंगण झाडताना हात गारठू लागतात. मग पेटीच्या तळाचा स्वेटर बाहेर निघतो. पुष्कळ घरांत तो घरधन्याचा जुना, ढगळ, बाह्या लोंबणारा असतो. शेतात कोण बघते, म्हणून आपण तो चढवतो आणि लग्नकार्याला निघताना काढून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या हळदीला आम्ही तेच केले. फोटोसाठी साऱ्याजणींनी स्वेटर काढून खाटेवर ढीग घातला. फोटोत साड्या छान आल्या, पण प्रत्येकीचे खांदे थंडीने कानाशी गेलेले! तेव्हाच ठरवले, स्वेटर लपवायचा नाही, साडीला शोभेल असा घालायचा.

पहिली गोष्ट मापाची. साडीवर पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर बरा. डोक्यातून घालायच्या स्वेटरने केस विस्कटतात आणि पदर चुरगळतो. लांबी कमरेच्या खाली दोन बोटे, त्याहून अधिक नको. मांडीपर्यंत आलेला स्वेटर निऱ्या झाकतो आणि ठेंगणी बाई आणखी ठेंगणी दिसते. नऊवारीवर तर तो कमरेशीच थांबावा. खांद्याची शिवण खांद्यावर बसावी, बाही मनगटाशी संपावी. घेताना दोन्ही हात वर करून पाहा, काखेत ओढ बसता कामा नये.

दुसरी गोष्ट रंगाची. साडीवर फुले, बुट्टे असतील तर स्वेटर साधा, एकरंगी घ्या. रंग काठातला उचला. हिरव्या साडीला तांबडा काठ असेल, तर तांबडा स्वेटर त्याच साडीचा वाटतो. एकच घ्यायचा असेल, तर गडद तांबडा किंवा तपकिरी घ्या. तो बऱ्याच साड्यांवर जातो आणि मळही चटकन दाखवत नाही.

तिसरी गोष्ट पदराची. कार्याला जाताना स्वेटर आधी चोळीवर घाला, बटणे लावा आणि मग पदर त्यावरून घेऊन खांद्यावर पिन लावा. काठ, पदर, मंगळसूत्र सारे दिसते आणि ऊबही राहते. कामाला जाताना उलटे करा. पदर कमरेला घट्ट खोचा आणि स्वेटर वरून घाला. शाल सारखी घसरते, एक हात तिलाच लागतो. स्वेटरने दोन्ही हात मोकळे राहतात. मळणीयंत्राजवळ तर लोंबता पदर, शाल किंवा सैल बाही म्हणजे जिवाशी खेळ.

आता तो घरधन्याचा जुना स्वेटर! टाकू नका. पुढे मधोमध खडूने उभी रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही अंगांना, अर्ध्या बोटावर, मशिनच्या दोन-दोन टिपा मारा आणि मगच रेघेवर कात्री चालवा. आधी कापाल तर वीण उसवत जाईल. कापलेल्या कडा आत दुमडून वरून जुन्या साडीच्या काठाची पट्टी शिवा. शिवताना वीण ताणू नका, नाहीतर कड लाटेसारखी होते. विणीला काज नीट पडत नाही, म्हणून टिचबटणे लावा. बाजूंनी दोन-दोन बोटे आत घेऊन टीप मारली, की ढगळपणा जातो. काठाची पट्टी पाहून कोणी म्हणणार नाही, की हा जुना आहे.

एक सावधगिरी मात्र पाळा. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक स्वेटर खऱ्या लोकरीचे नसून अॅक्रिलिक धाग्याचे असतात. खरी लोकर सहज पेट घेत नाही. अॅक्रिलिक मात्र भडकून पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. चुलीपुढे बसताना बाह्या कोपरापर्यंत सारा, किंवा स्वेटर काढूनच ठेवा. चुलीची ऊब असतेच.

धुताना गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात हलकेच दाबा. पिळू नका. दोरीवर टांगला तर ओझ्याने लांबतो, म्हणून खाटेवर धोतर अंथरून सावलीत पसरून वाळवा.

तेव्हा यंदाच्या लग्नात फोटोवाला आला, तर स्वेटर काढू नका. पदर नीट करा, खांदे सैल सोडा आणि हसा.